केनवडची शिशी

मेलेल्या माणसाची चहाडी करणारी बाई गोजराबाईनं आजवर पाहिली नव्हती. जित्या माणसाची करावी; तो उठून भांडतो, दोन देतो, दोन घेतो, फिटंफाट होते. पण जिची राख नाल्याच्या पाण्यानं कधीच वाहून गेली, जिला उत्तर द्यायला तोंड राहिलं नाही, तिच्या नावानं बाजारात बोंब ठोकायची, म्हणजे तिच्या विहिणीनं, हौसाबाईनं, हद्दच केली.

बातमी आणली चतुराबाईनं. मालेगावच्या बाजारात दोघींच्या जागा शेजारी शेजारी. गोजराबाईपुढं तिच्या मळ्यातली वांगी, मिरची, सांबाराच्या हिरव्या जुड्या; चतुराबाईपुढं कांद्याचा ढीग. गिऱ्हाईक पांगलं तशी चतुराबाई सरकून जवळ आली.

"गोजराबाई, मनाले लावून घेशीन नाई तं एक सांगतो."

"लावून घ्याचं का नाई ते ऐकल्यावर ठरवीन. सांग."

"तुही इहीन, केनवडची हौसाबाई, साऱ्या गावाले सांगत फिरून राह्यली. म्हनते, मनकर्णा हाडळ झाली आन् माह्या नव्या सुनेले लागली. सुनेचे पाय सुजले, तोंड सुजलं. म्हनते, सवतीच्या पोटातलं लेकरू पाहून जळून राह्यली."

गोजराबाईच्या हातात तागडी होती. ती तिनं खाली ठेवली.

"आनखीन काय म्हनते?"

"जाऊ दे ना आता."

"एवढं सांगतलं तं शेंडा कायले ठेवतं? सांग."

"म्हनते, भाजीवाल्याची पोट्टी. जितेपनी हिचं पोट भरलं नाई, मेल्यावर काय भरनार."

गोजराबाई रडली नाही. तिला रडताना मालेगावात कोणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही तिनं आधी मळ्याला पाणी सोडलं होतं आणि मग बांगड्या फोडल्या होत्या. तिनं उरलेली वांगी तशीच चतुराबाईच्या अंगावर लोटली, "हे इक नाई तं खा," म्हणाली, आणि लुगड्याचा काष्टा आवळून घराकडं निघाली.

मनकर्णा ही तिची एकुलती लेक. दोन्ही घरं माळ्यांचीच, पण केनवडवाल्यांची काळी जमीन मोठी, दारात बैलांच्या जोड्या, त्यामुळं हौसाबाई मालेगावच्या मळेवाल्यांना कायम नाक मुरडायची. मनकर्णाला दिवस गेले तेव्हा गोजराबाईनं एकच हट्ट धरला होता. मालेगावच्या दवाखान्यात मोतीबाई नावाची नर्स आली होती. दिवस भरत आलेल्या बायांची लघवी ती काचेच्या नळीत तापवून पाही. नळीत पांढरं साखळलं तर बाईच्या जिवाला धोका, निर्मळ राहिलं तर काळजी नाही. खेड्यावरच्या गरवार बायांना बैलबंडीचे हेलपाटे नकोत म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं, सकाळची पहिली लघवी धुतलेल्या शिशीत भरून घरच्या माणसाबरोबर बाजाराच्या दिवशी पाठवा. गोजराबाईनं जावयाला, चंपतरावाला, गळ घातली, चंपतरावानं आईला. हौसाबाई स्वतः शिशी घेऊन आली होती. नळी निर्मळ निघाली. मोतीबाईनं "साफ हाय" म्हणून सांगितलं, आणि त्या एका शब्दावर हौसाबाईनं सुनेला माहेरी धाडायचं लांबवलं. "साफ हाय तं घाई कायची? ज्वारी निघू द्या, मंग न्या."

ज्वारी निघायच्या आत मनकर्णा गेली. झटके आले, दातखीळ बसली. त्या घरानं दवाखान्याच्या आधी भगत बोलावला. गोजराबाई पोचली तेव्हा लेकीला अंगणात उतरवून ठेवलं होतं, पोटातल्या लेकरासकट.

नशीब म्हणून तिनं ते गिळलं. काचेच्या नळीशी कोण भांडणार?

वर्ष फिरायच्या आत चंपतरावाचं दुसरं लग्न लागलं. कामरगावकडची पोर, विजयमाला नाव, मायबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, ही इकडची रीत. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचं रूप उठवलेलं. ज्या पोरीनं तो टाक बांधला तिला मेलीच्या मायबापांनी लेक मानायचं, सणाला आणायचं, चोळीबांगडी करायची. विजयमाला आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोनदा मालेगावला आली होती. गोजराबाईनं तिला पुरणपोळी वाढली, लुगडं दिलं, आणि तिच्या तोंडाकडं फारसं न पाहता वाटेला लावलं. लेक मानायचं म्हणून मानता येत असतं तर काय पाहिजे होतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच गोजराबाईनं लेकाला, पुंजाजीला, दमनी जुंपायला लावली.

"कुठी जाचं, माय?"

"केनवडले. इहिनीची जीभ किती लांब झाली ते मोजून येतो."

लढाईची सालं होती. रस्त्यावरची मोटार आताशा कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंनी ढकलावी लागायची. त्यापेक्षा बैल बरे. पुंजाजीनं सबंध वाटेत नुसते बैल हाकले. आईच्या ओठांची घडी अशी पडली की बोलायचं नसतं, हे त्याला पाळण्यापासून माहीत होतं.

हौसाबाई ओसरीत सुपारी कातरत बसली होती. गोरी, भरल्या अंगाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. इहिनीला पाहून उठली नाही, नुसतं सरकून बसली.

"या इहीनबाई. आज भाजीपाला सोडून इकडं कसं काय येनं केलं?"

"तुमच्या घरी माही लेक राह्यते म्हनून ऐकलं. दोन वर्सं झाले, मी समजो का ते गेली. तुमी म्हनता हाय. म्हटलं पाहून यावं."

हौसाबाईचा अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"लोकाईनं सांगतलं वाटते तुमाले. खोटं नाई बोलत मी. डोयानं पाहा पोरीकडं. असं आंग पानी पेल्यावानी फुगलं. भगतानंही तेच सांगतलं, पहिलीची सावली हाय. रोग असता तं दवाखान्यात दिसला नसता का? मी सोता शिसी घेऊन गेल्ती बजाराच्या दिवशी. नर्सबाईनं नळी तापवून पाह्यली. साफ. रोग नाई तं मंग काय उरलं, तुमीच सांगा."

"पोरगी कुठी हाय?"

"मागं. गुरापाशी."

गोजराबाई आत गेली नाही, सरळ घराला वळसा घालून मागं गेली. विजयमाला गोठ्याच्या दाराशी पालथ्या घमेल्यावर बसली होती. गोजराबाईला पाहून ती उठायला गेली आणि भिंतीचा आधार घेऊन तशीच राहिली. पाय असे सुजलेले की घोट्याचं हाड दिसेना. डोळ्यांच्या खाली पिशव्या. गोजराबाईनं खाली वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा भरेना.

"डोकं दुखते?"

"दुखते."

"डोयापुढं काजवे येतात?"

"तुमाले कसं माईत?"

गोजराबाईला माहीत होतं. मनकर्णानं हेच सांगून पाठवलं होतं. त्या वेळी नळी साफ होती म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. आजही नळी साफ होती. एकदा काच चुकली म्हणावं, तर तेच घर, तेच पाय, तेच काजवे, आणि पुन्हा काच निर्मळ? गोजराबाई शाळेत दोन इयत्ता शिकली नव्हती, पण जन्मभर तागडी धरलेली बाई. काटा दोनदा एकाच अंगाला झुकला की ती काट्याला दोष देत नाही, पारड्याखाली कोणाचं बोट आहे ते पाहते.

"पोरी, ती शिसी तुह्या हातानं भरलीस?"

विजयमालानं घराकडं पाहिलं. मग टाक मुठीत धरला.

"भरली होती. सासूबाईनं उकिरड्यावर ओतून देली."

"आन् मंग?"

"मंग बाई कोठ्यामागं गेली आन् आपली भरून आली. म्हने, पोटुशीचं पानी पराया हाती देऊ नाई. त्याच्यावर करनी करतात. केसं, नखं, पानी, काहीच भायेर जाऊ देऊ नाई. मले म्हने, चंपतले सांगशीन तं पाहून घेईन."

गोजराबाईचा आवाज आपोआप खाली आला. "आनखीन काय म्हनली?"

"म्हने," पोर थांबली. तिला बहुतेक कळलं की ती काय बोलून राहिली. "म्हने, पहिलीचंही मी देलं नोतं."

एक म्हैस कडबा ओढत होती, तेवढाच आवाज. गोजराबाई गोठ्याच्या खांबाला टेकली. म्हणजे मोतीबाईनं दोन वर्षांमागं तापवली ती लघवी हौसाबाईची. साफ निघाली ती हौसाबाई. धडधाकट आहे म्हणून सांगितलं ते हौसाबाईबद्दल. आणि त्याच्या भरवशावर पोरगी ज्वारीच्या शेतात राबत मेली.

पहिला विचार तिच्या मनात आला तो चांगला नव्हता, आणि तो तिला गोड लागला, हे झाकून काय करायचं? तिला वाटलं, गप बसावं. काही न बोलता दमनीत बसावं आणि मालेगावला जावं. ही पोर आपली नाही. झटके येतील, भगत येईल, आणि हौसाबाईच्या दारातून दुसरी तिरडी निघेल. मग तिसरी पोर कोणी देणार नाही त्या घरात. चंपत म्हातारा होईल भाकरी थापत, आणि हौसाबाई रिकाम्या पाळण्याची दोरी ओढत मरेल. यापेक्षा बरोबर तोल कुठला?

"माय," विजयमाला म्हणाली. याआधी तिनं गोजराबाईला कधी माय म्हटलं नव्हतं, मामी म्हणायची. "मी रोज टाकाच्या पाया पडतो. तिले सांगतो, बाई, मी तुही जागा घेतली नाई, मले आनून बसवलं. तू माह्यावर कायले रागावतं?"

आणि गोजराबाई भानावर आली. ही पोर मेली तर केनवडात काय म्हणतील? म्हणतील, मनकर्णानं नेली. मग ते नाव पुसायला देव आला तरी पुसणार नाही. आयाबाया लेकरांना तिच्या नावानं भेव दाखवतील. म्हणजे हौसाबाईनं जिती मारली ती मारली, वरून जन्माची हाडळ करून ठेवील. नाही. या पोरीला मरू देणं म्हणजे हौसाबाईचं काम तिच्यासाठी करून देणं. हिला जगवायचं, असं जगवायचं की हौसाबाईच्या डोळ्यात ती दर दिवशी सलली पाहिजे.

गोजराबाई ओसरीत परत आली तेव्हा तिच्या आवाजात गूळ कालवलेला होता.

"इहीनबाई, मी म्हनतो, तुमी म्हनता ते खरं असन. माहीच पोर घुटमळत असन. मंग आठांगूळ मी करतो हिचं. आठव्या महिन्यात मायीच्या हातचं जेवन लागते. टाकाच्या नात्यानं मीच तिची माय. नेतो मालेगावले, खाऊ घालतो, लेकीची बोळवन करतो. शांत होईन ते."

हौसाबाईनं डोळे बारीक केले. नकार द्यायला तोंड उघडलं, पण ओसरीपुढं तोवर शेजारच्या चार बाया जमल्या होत्या, आणि टाकाचं माहेर नाकारणारी सासू म्हणून कोणाला नाव पाडून घ्यायचं असतं? शिवाय हाडळ आपल्या घरची तिच्या घरी जात होती. त्यात तोटा काय?

"न्या बापा," ती म्हणाली. "तुमची बला तुमच्या घरीच बरी."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. गोजराबाईही हसली. पुंजाजीनं आईला तसं हसताना पाहिलं आणि मुकाट बैल वळवले.

दमनी घरी गेलीच नाही, थेट दवाखान्यापुढं उभी राहिली. मोतीबाई नर्स पन्नाशीची, बुटकी, हातानं खरखरीत. तिनं पोरीचे पाय पाहिले, दंडाला पट्टा बांधून फुगवला, पारा पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनं पोरीला आड पाठवून लघवी आणवली. स्पिरिटाचा दिवा जपून पेटवला. लढाईमुळं स्पिरिट मिळत नव्हतं. नळी तिरपी धरून वरचा भाग ज्योतीवर धरला. पाणी उकळलं, आणि वर ढगासारखं पांढरं चढलं. तिनं अॅसिडाचा थेंब टाकला. पांढरं जाईना, उलट दही विरजावं तसं घट्ट बसलं.

"ही केनवडचीच ना? चंपतरावची?" मोतीबाई म्हणाली. "मागच्या बाजारी हिची नळी मीच पाहिली. निर्मळ होती. इतक्या थोड्या दिवसांत एवढं कसं होईल?"

"ते पानी हिचं नोतं."

"मग कोणाचं?"

"हिच्या सासूचं."

मोतीबाईनं दिवा विझवला. नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "आणि मनकर्णाच्या वेळी?"

"बाई, आता हिच्याकडं पाहा," गोजराबाई म्हणाली. "मनकर्णाचं मी पाहून घेतो."

त्या दिवसापासून विजयमालाला गोजराबाईनं घरातल्या आतल्या खोलीत निजवलं. खिडकीला घोंगडी लावून अंधार केला. मीठ बंद. दूध, ताक नुसतं, आळणी भाकर. पोर आळणी खाऊन कंटाळली की गोजराबाई म्हणायची, "तुह्या सासूच्या बोलन्यात लय मीठ होतं, ते खाऊनच तं सुजलीस. खाय आता गुमान." पोर अंधारात हसायची. दर दोन-तीन दिवसांनी पुंजाजी शिशी घेऊन दवाखान्यात जाई, पण शिशी भरताना गोजराबाई स्वतः दाराशी उभी राहायची आणि शिशीच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर आपल्या हातानं गाठ मारायची. लेकावरही तिचा भरवसा नव्हता. एकदा तापली लोखंडी पळी हातात घेतलेली बाई थंड पळीलाही फुंकर घालते.

मध्ये चंपतराव आला. ओसरीत उभा राहिला, बसला नाही.

"मामी, माय म्हनते, भगतानं उतारा सांगतला. मनकर्णेले जाळलं तिथी नेऊन ठेवाचा हाय. विजयमालेले धाडा एक दिवस."

गोजराबाईनं जावयाकडं निरखून पाहिलं. वाईट नव्हता तो. आईच्या पदराआड उभं राहून राहून त्याचा रंग पांढरा पडला होता, एवढंच.

"चंपतराव, लेकरू जगात येऊ द्या. मंग मायले घेऊन या, गावातल्या बायाही आना. बारसं हाय. तोपर्यंत तुमच्या भगताले म्हना, उतारा सोताच खाऊन घे."

"मामी, तुमी काही तरी लपवून राह्यल्या."

"लपवत नाई. अढीत घातलं. पिकलं की देतो."

दिवस भरायच्या थोडं आधीच कळा सुरू झाल्या. भर दुपारची वेळ, मोतीबाई आधीच येऊन बसलेली. एक झटका आला. पोरीचे डोळे वर गेले, हात वळले, आणि गोजराबाईला क्षणभर खोलीत दोन पोरी दिसल्या. मोतीबाईनं दातांत कापड गुंडाळलेला चमचा सरकवला, मांडीत सुई मारली, आणि दरडावून म्हणाली, "गोजराबाई, पाय धरा तिचे, रडायचं असंल तर मग." गोजराबाईनं पाय धरले. धरताना तिला जाणवलं की घोट्याचं हाड हाताला लागून राहिलं आहे, सूज ओसरली आहे. दुसरा झटका आला नाही. सूर्य मावळायच्या आधी मुलगा झाला, लहानखुरा, सुरकुतलेला, पण ओरडणं असं की मळ्यातल्या मोटेवरचा माणूस थांबला.

बारशाला हौसाबाई आली ती गाजावाजानं. चंपतराव पुढं, मागं केनवडच्या बाया, हौसाबाईच्या हातात चांदीच्या वाळ्यांची पुरचुंडी आणि कुंची. अंगणात पाय टाकतानाच बोलायला लागली.

"पाह्यलं का इहीनबाई, उतारा केला आन् कसं मोकळं झालं. मी म्हटलंच होतं, मेलीले निवद देला की सोडते. आना, माह्या नातवाले आना."

विजयमाला लेकरू घेऊन दारात आली. हौसाबाईनं दोन्ही हात पुढं केले. गोजराबाई मधे उभी राहिली.

"हात राहू दे," ती म्हणाली. आजवर ती इहिनीला तुमी म्हणत होती. ते तिथं संपलं. "पहिले एक सांग. मनकर्णेची शिसी कोनाची होती?"

अंगणात बसायला जागा शोधणाऱ्या बाया थांबल्या. मोतीबाई नर्स ओट्यावर बसली होती, ती उठली नाही, पण हौसाबाईकडं पाहात राहिली.

"कायची शिसी?" हौसाबाई म्हणाली. "सनाच्या दिवशी हे काय?"

"तुह्या सुनेनं भरली ते तू उकिरड्यावर ओतली. आन् कोठ्यामागं जाऊन आपली भरली. हे या खेपेचं. हिच्या तोंडून ऐकलं मी. पहिलीचीही देली नोती, हे तुवाच हिले सांगतलं. आता माह्या तोंडावर सांग, चंपतरावापुढं सांग."

चंपतरावानं आईकडं पाहिलं. "माय, तू तं म्हनली नर्सबाईनं साफ सांगतलं."

"साफच सांगतलं ना तिनं!" हौसाबाईचा आवाज चढला, मग मोडला. ती खाली बसली, वाळ्यांची पुरचुंडी मांडीवर आली. "मले काय माईत नळीत काय दिसते? माही सासू मले सांगून गेली, पोटुशीचं पानी कोनाच्या हाती पडलं तं वंस बुडते. माहे दोन लेकरं गेले, कसे गेले? शेजारनीनं माहे केसं उचलून नेलते. त्याच्यानंतर मी कोनाले काहीच देलं नाई, तवा हा चंपत राह्यला. मी घर राखलं. वाईट केलं नाई मी. कोन सासू आपल्या सुनेचं पानी पराया बाईले देईन, विचारा या बायाईले."

बायांतल्या दोघी-तिघींनी नजर खाली केली. त्यांच्या घरातही शिशा भरल्या गेल्या असतील, कोणी कोणाच्या भरल्या देव जाणे. मोतीबाईनं त्यांच्याकडंही एकदा पाहून घेतलं.

"राखलं ना घर," गोजराबाई म्हणाली. "बेस राखलं. एक सून जाळली, दुसरी जाळाच्या तयारीत होती. भगताले बोलावलं, नर्सबाईले नाई बोलावलं. आन् जिले मारली तिलेच हाडळ म्हनून गावभर नाचवली. सासूनं सांगतलं म्हनून शिसी बदलली, इथपर्यंत मी ऐकून घेतो. अडानी हाय, मीही अडानी हाय. पन मनकर्णेले भूत करायचं तुले कोन्या सासूनं सांगतलं होतं?"

हौसाबाईनं लेकराकडं पाहिलं. लेकरू जागं झालं होतं आणि आईच्या गळ्यातला टाक धरायला हात हलवत होतं. हौसाबाईचे हात पुन्हा नकळत वर आले.

"इहीनबाई, एक वेळ घेऊ द्या. मंग काय बोलाचं ते बोला."

"चंपतराव," गोजराबाई जावयाकडं वळली, "बायको पाह्यजे तुमाले?"

"पाह्यजे, मामी."

"तं पडवीत येगळी चूल मांडा. हिचं खानं, पिनं, दवा, दवाखाना, सारं तुमच्या हातानं. चूल पेटली की मी सोता आनून सोडतो."

चंपतरावानं मान हलवली, आणि मग, आईकडं न पाहता, "मांडतो," असं मोठ्यानं म्हणाला. हौसाबाईनं लेकाकडं पाहिलं तसं तिनं आयुष्यात त्याच्याकडं कधी पाहिलं नसेल.

गोजराबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही. मळ्यात पाणी सोडताना दांड फोडून द्यावा आणि पाणी आपलं आपण जाईल म्हणून उभं राहावं, तशी ती बोलली.

"हौसा, आता माहा निवाडा ऐक. मी तुले पोलिसात नेत नाई, पंचात नेत नाई. लेकरू तुह्याच घरात वाढीन, तुह्या डोयापुढं रांगन, तुह्या अंगनात पडन. पन तुवा त्याले उचलाचं नाई. त्याचे केसं, नखं, काहीच तुह्या हाती लागू द्याचं नाई, तुह्याच नेमानं. लोकाईच्या हातात देलं तं वंस बुडते, असं तूच म्हनतं ना? मंग आजपासून त्या घरात लोक म्हंजे तू. आन् मराची घाई करू नोको. लय वर्सं पाहाचं हाय तुले हे. तुह्या जिवाची मले काळजी नाई. दोन खेपा दवाखान्यात तपासली, दोनी खेपा साफ निघाली."